ध्वज एक, श्रद्धा अनेक

प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी मुंबईच्या उपनगरांतून फेरी मारणाऱ्यास एक दृश्य ठिकठिकाणी दिसते. अंधेरीतील महानगरपालिकेच्या शाळेचे पटांगण असो, बोरिवलीतील गृहनिर्माण संस्थेचे आवार असो, घाटकोपरच्या टेकडीवरील वस्ती असो की मुलुंडमधील एखादे कार्यालय असो, सर्वत्र तिरंगा फडकतो आणि राष्ट्रगीताचे स्वर उमटतात. सुमारे ५२ सेकंद सारे स्तब्ध उभे असतात. त्यानंतर जो तो आपापल्या वाटेने निघतो. कोणी देवळात, कोणी मशिदीत, कोणी चर्चमध्ये, कोणी विहारात जातो. कोणी कोठेच जात नाही.

या भूभागाचा धार्मिक इतिहास विलक्षण आहे. बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी शंभराहून अधिक लेणी कोरून घेतली. जोगेश्वरीस सहाव्या शतकातील शैव लेणे आहे. बोरिवली-दहिसरच्या सीमेवरील मंडपेश्वर लेणे मुळात शिवाचे, परंतु सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली त्याचा ख्रिस्ती उपासनेसाठी उपयोग झाला. तेथील एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस आजही दिसतो. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेली सिंधी व पंजाबी कुटुंबे मुलुंडमध्ये वसली आणि घाटकोपरात जैन समाज मोठ्या संख्येने स्थिरावला. गोराई येथील विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. एवढ्या भिन्न श्रद्धांची माणसे एका ध्वजासमोर उभी राहतात ती कशाच्या बळावर? आणि एखाद्याची श्रद्धा त्या ध्वजाच्या वा गीताच्या आड येते असे वाटले, तर शिक्षकाने, अधिकाऱ्याने वा सरपंचाने काय करावे? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राष्ट्रचिन्हांचे कार्य

राष्ट्र ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. नदी दिसते, डोंगर दिसतो, गाव दिसते. परंतु कोट्यवधी अपरिचित माणसे आपली आहेत ही भावना दृश्य रूप घेते ती चिन्हांतून. ध्वज ते रूप डोळ्यांपुढे आणतो, तर गीत ते कानांना देते. सर्वांनी एकाच वेळी उभे राहणे, एकाच सुरात गाणे या कृतींमधून ‘आम्ही’ या शब्दाला अर्थ प्राप्त होतो.

धर्मश्रद्धाही माणसांना याच रीतीने एकत्र आणते. पताका, स्तोत्र, सामूहिक प्रार्थना ही साधने धर्मांनी राष्ट्रांच्या कितीतरी आधी वापरली. त्यामुळे अनेक देशांनी आपली राष्ट्रचिन्हे धर्मातूनच घेतली, यात नवल नाही. ब्रिटनच्या ध्वजात संतांच्या नावांचे तीन क्रूस एकत्र गुंफलेले आहेत. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांच्या ध्वजांवर क्रूस आहे. सौदी अरेबियाच्या ध्वजावर इस्लामचे श्रद्धावचन असल्यामुळे तो शोकप्रसंगीही अर्ध्यावर उतरविला जात नाही.

ज्या देशांत बहुतांश लोकांचा धर्म एक असतो, तेथे अशा चिन्हांनी सहसा अडचण येत नाही. भारताची परिस्थिती तशी नव्हती. येथे एका धर्माचे चिन्ह राष्ट्राचे म्हणून स्वीकारले असते, तर इतरांना आपण या घरात पाहुणे आहोत असे वाटले असते. सर्व धर्मांना ध्वजावर वाटून जागा द्यावी, तर राष्ट्र म्हणजे निरनिराळ्या जमातींची बेरीज एवढाच अर्थ उरला असता. या पेचातून जो मार्ग निघाला, त्याचा निर्णायक टप्पा मुंबईतच गाठला गेला.

मुंबई, ऑगस्ट १९३१

पिंगली वेंकय्या यांनी १९२१ मध्ये विजयवाडा येथे महात्मा गांधींसमोर मांडलेल्या आराखड्यातून चरख्याचा तिरंगी ध्वज आकारास आला. त्यात पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे होते. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य धर्मीयांचा, असा त्यांचा अर्थ त्या काळी लावला जात असे.

या ध्वजासाठी लोकांनी कारावास पत्करला. १९२३ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत नागपूर येथे झेंडा सत्याग्रह झाला. ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्स भागातून मिरवणूक नेण्यास सरकारने मनाई केली होती. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्वयंसेवकांनी ही मनाई मोडली. पुढे १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी विलेपार्ले येथे छावणी उभी राहिली, तेव्हाही जमनालालजी व किशोरलाल मश्रूवाला ही नावे अग्रभागी होती. आजच्या अंधेरी तालुक्यात मोडणारे पार्ले त्या वेळी उपनगरांतील चळवळीचे केंद्र बनले.

एवढा त्याग ज्या ध्वजाखाली झाला, त्याच्या रंगांचा अर्थ मात्र वादाचा विषय ठरला. रंग जर धर्मांचे असतील, तर आमचा रंग कोठे आहे, असा प्रश्न शीख समाजाने उपस्थित केला. तो तर्कशुद्धच होता. एकदा वाटणीचे तत्त्व मान्य केले की प्रत्येकाला आपला वाटा मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. काँग्रेस कार्यकारिणीने एप्रिल १९३१ मध्ये कराची येथे सात जणांची समिती नेमली. तीत सरदार पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर व डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांचा समावेश होता. चरखा असलेला एकरंगी केशरी ध्वज घ्यावा, अशी शिफारस या समितीने केली.

अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरली. तिने ही शिफारस मान्य केली नाही. केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे कायम झाले आणि या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, हे ठरावात स्पष्ट करण्यात आले. केशरी रंग धैर्य व त्यागाचा, पांढरा शांती व सत्याचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा आणि चरखा सामान्य जनतेच्या आशेचा, असा अर्थ निश्चित झाला.

रंग पाहिले तर फरक थोडाच झाला, परंतु विचारात मोठे अंतर पडले. तोवर ध्वजावर कोणाकोणास जागा मिळाली हे पाहिले जात होते. यापुढे ध्वज कोणते गुण मागतो, हे पाहावयाचे होते. धैर्य, सत्य व श्रद्धा हे गुण कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नव्हेत. प्रत्येक धर्माच्या माणसाला ते स्वतःच्या परंपरेत सापडतात. म्हणून या ध्वजाखाली उभे राहण्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा बाजूस ठेवावी लागत नाही. ज्यांना केशरी रंग आपला व हिरवा परक्याचा किंवा हिरवा आपला व केशरी परक्याचा असे आजही वाटते, त्यांनी मुंबईच्या या ठरावाचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल.

चक्र आणि सोपाऱ्याचा शिलालेख

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचाही समावेश होता. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचे चक्र आले. चरखा ध्वजाच्या एका बाजूने सरळ व दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, ही व्यावहारिक सोयही त्यामागे होती.

अशोक बौद्ध होता, मग हे धर्मचिन्ह नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर अशोकाच्याच लेखांत आहे आणि ते लेख मुंबईकरांपासून फार दूर नाहीत. बोरिवलीच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडील सोपारा या प्राचीन बंदरात अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अवशेष सापडले आहेत. त्यांपैकी नवव्या लेखाचा विषय आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ मात्र अल्प असते, असे अशोक सांगतो. खरा विधी कोणता, तर नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे आणि दान करणे. गिरनार व अन्य ठिकाणी आढळणाऱ्या बाराव्या लेखात तो आणखी पुढे जातो. स्वतःच्या पंथाची स्तुती करण्यासाठी जो परपंथाची निंदा करतो, तो स्वतःच्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे.

ध्वजाच्या मध्यभागी असलेले चक्र या राजाच्या राजनीतीचे आहे. विधीपेक्षा आचरण श्रेष्ठ आणि परश्रद्धेचा आदर हेच स्वश्रद्धेचे रक्षण, ही ती नीती होय. राष्ट्रीय सण साजरे करताना या नीतीचा विसर पडला, तर ध्वजवंदनही अल्पफलदायी विधींच्या यादीत जाऊन बसेल.

गीताची निवड

ध्वजापेक्षा गीताचा प्रश्न अधिक नाजूक होता. ध्वजाला शब्द नसतात, त्यामुळे त्याचा अर्थ ठरावाने बदलता येतो. गीतातील शब्द मात्र उच्चारावे लागतात. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, तर दक्षिण आफ्रिकेच्या १९९७ पासूनच्या राष्ट्रगीतात पाच भाषा एकत्र आल्या आहेत. नेपाळने राजाची स्तुती करणारे गीत सोडून २००७ मध्ये नवे गीत स्वीकारले. प्रत्येक देशाने हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे.

आपल्याकडे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे ‘वंदे मातरम्’ हे स्वातंत्र्यलढ्याचे गीत होते. ते ओठांवर घेऊन अनेकांनी लाठ्या झेलल्या. त्याच्या पुढील कडव्यांतील देवीरूपाच्या वर्णनामुळे काही मुसलमान नेत्यांनी आक्षेप घेतला. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात हा आक्षेप जाहीरपणे पुढे आला, त्या वेळी ते गीत गाणारे गायक होते पं. विष्णु दिगंबर पलुसकर, आणि त्यांनी ते गाइले. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय सभांमधून पहिली दोन कडवी गावीत, असा निर्णय दिला. स्वातंत्र्यानंतर हेच राष्ट्रगीत व्हावे यासाठी महाराष्ट्रातील थोर गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी मोठे परिश्रम घेतले. समूहाला गाता येईल आणि वाद्यवृंदाला वाजविता येईल अशी चाल बांधून त्यांनी ती दिल्लीत सादर केली.

अखेर २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संविधान सभेत निवेदन केले. रवींद्रनाथ ठाकूर यांचे, १९११ च्या कलकत्ता अधिवेशनात प्रथम गाइले गेलेले ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत ठरले आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कार्यामुळे ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला. मतदान घेऊन एका पक्षाला हरविण्याचा मार्ग टाळला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राष्ट्राची चिन्हे बहुमताने लादली तर अल्पमताच्या मनात ती कायमची बोचत राहतात, याची जाणीव त्या पिढीला होती.

आदर, सक्ती आणि अंतःकरण

चिन्हे ठरली तरी प्रश्न संपले नाहीत. राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखण्यासाठी १९७१ मध्ये कायदा झाला. ध्वज जाळणे, फाडणे, तुडविणे किंवा त्याची विटंबना करणे, तसेच राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणे वा गाणाऱ्या समूहात अडथळा आणणे, यांस तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ध्वजाचा व राष्ट्रगीताचा आदर करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. त्याच संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने मात्र सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. हे कर्तव्य आणि हे स्वातंत्र्य समोरासमोर आले तर काय करावयाचे?

तसा प्रसंग १९८५ मध्ये केरळात आला. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु ईश्वराखेरीज कोणाचेही स्तुतिगीत गाऊ नये या श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ‘बिजोई इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्रगीत गाइलेच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, स्तब्ध उभे राहणे हाही आदरच आहे आणि मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे, असे न्यायालयाने मानले. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांबाबत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये ध्वजवंदनाची सक्ती योग्य ठरविली होती. अवघ्या तीन वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला.

महाराष्ट्रातील एक प्रकरणही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. नाशिकमधील एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यामुळे त्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारण्यात आली. हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

चित्रपटगृहांचा अनुभवही बोलका आहे. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत लावण्याची प्रथा सुरू झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुर्ल्यातील एका चित्रपटगृहात उभे न राहिलेल्या एका कुटुंबास इतर प्रेक्षकांनी बाहेर जाण्यास भाग पाडले. पुढील वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभर चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत अनिवार्य केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी त्या आदेशात बदल करून ते ऐच्छिक ठरविले. राष्ट्रगीत सुरू असताना उभे राहणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु उभे न राहणाऱ्याचा न्यायनिवाडा शेजारच्या खुर्चीवरील माणसाने करावयाचा नसतो. तो उभा का राहिला नाही, हे त्या माणसास ठाऊक नसते. कारण आजारपण असेल, अपंगत्व असेल, अज्ञान असेल किंवा श्रद्धा असेल. कायद्याचा भंग झाला असेल तर त्यासाठी यंत्रणा आहे.

शाळेत आणि ग्रामपंचायतीत

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग कसा करावा? पहिली गोष्ट, ध्वजसंहितेचे नियम नीट समजून घ्यावेत. २००२ ची ध्वजसंहिता सर्वांना आदरपूर्वक ध्वज लावण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये हा नागरिकाचा हक्क मानला आहे. केशरी पट्टा वर असावा. फाटका वा मळका ध्वज लावू नये. ध्वजावर काहीही लिहू नये. अन्य कोणताही झेंडा किंवा पताका राष्ट्रध्वजाहून उंच अथवा, नियमांत सांगितलेल्या प्रसंगांखेरीज, त्याच्या शेजारी लावू नये. गावच्या जत्रेचे निशाण असो वा पक्षाचा झेंडा असो, हा नियम सर्वांस सारखाच लागू आहे. कोणाचेही निशाण कमी लेखण्याचा हेतू त्यामागे नाही. सर्वांच्या निशाणांपलीकडची एक जागा मोकळी राखणे, हा त्याचा हेतू आहे.

दुसरी गोष्ट, राष्ट्रीय समारंभ कोणत्याही एका धर्माच्या विधीचे रूप घेणार नाही, याची काळजी घ्यावी. ध्वजस्तंभ ही पूजास्थळाची जागा नव्हे. तेथे जमलेल्या प्रत्येक मुलास आपण घरच्याच कार्यक्रमास आलो आहोत असे वाटावयास हवे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. एखादा विद्यार्थी गात नाही असे दिसले, तर शिक्षकाने त्यास रांगेतून बाहेर ओढू नये. तो शांत उभा आहे का, इतरांना अडथळा करीत नाही ना, एवढेच पाहावे. मग एकान्तात आपुलकीने विचारावे. पुष्कळदा मुलास शब्द येत नसतात. कधी नुकतेच परप्रांतातून आलेले मूल संकोचलेले असते. क्वचित श्रद्धेचे कारण असते, तर तेही ऐकून घ्यावे. पालकांशी बोलावे. सर्व मुलांना राष्ट्रगीताचा अर्थ शिकवावा. पाठ्यपुस्तकाच्या प्रारंभी छापलेली प्रतिज्ञा नुसती घोकून घेण्याऐवजी तिच्यातील एकेका वाक्यावर वर्गात चर्चा घ्यावी. मनापासून केलेला आदर शिकविण्याने येतो. भीतीने आलेला आदर शाळेची घंटा झाली की संपतो.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांवर आणखी एक जबाबदारी असते. एखाद्याच्या देशनिष्ठेविषयी गावात कुजबुज सुरू झाली, तर ती वाढू न देणे त्यांच्या हाती असते. अशा वेळी वडीलधाऱ्याचा एक शांत शब्द पोलीस ठाण्यातील दहा तक्रारींपेक्षा अधिक काम करतो.

मंडपेश्वरच्या लेण्यात शिवाचे शिल्प आणि क्रूस एकाच खडकावर आहेत. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या देवावर आपले चिन्ह कोरावयाचे, ही त्या काळची रीत होती. स्वतंत्र भारताने ती नाकारली. त्याने कोणाचेही चिन्ह पुसले नाही आणि सर्वांसाठी एक नवे चिन्ह स्वीकारले. त्या चिन्हाचा मान राखणे म्हणजे त्यामागील हा शब्द पाळणे होय. उद्या आपल्या पटांगणावर ध्वज वर जाईल, तेव्हा गाणाऱ्या शंभर मुलांबरोबर मुकाट्याने ताठ उभे असलेले एखादे मूलही तितकेच आपले आहे, हे आपल्या वागण्यातून त्याला कळले पाहिजे.